खोगीरभरती नेमकी कुणाची? अमेरिकी अध्यक्ष आणि सरकारी नोकरांचा आकडा

हिशेबनीस:
शनिवारी जेवणं झाल्यावर मित्रांत वाद पेटला. एकजण छातीठोकपणे म्हणाला, "डेमोक्रॅट आले की खोगीरभरती, रिपब्लिकन आले की कात्री. सरळ हिशेब आहे." हिशेब म्हटलं की मला राहवत नाही, म्हणून हा धागा.

रेगन घ्या. 1981 च्या शपथविधीच्या भाषणात त्यांनी सरकार हीच समस्या आहे असं ठणकावलं आणि त्याच दिवशी भरतीबंदी लावली. ऑगस्टमध्ये संपावरचे 11 हजारांहून जास्त हवाई नियंत्रक घरी पाठवले. आठ वर्षांनी ते गेले तेव्हा मुलकी नोकरांचा एकूण आकडा (टपालखातं धरून) दोन लाखांच्या आसपास वाढलेला होता. वाढ बरीचशी टपालखात्याची आणि संरक्षण खात्याच्या मुलकी नोकरांची.

क्लिंटन डेमोक्रॅट. त्यांनी 1993 मध्ये उपाध्यक्ष अल गोर यांच्याकडे सरकार सुटसुटीत करायचं काम दिलं, 1994 मध्ये कायदा करून 25 हजार डॉलरपर्यंत रक्कम देत लोकांना स्वेच्छेनं जायला लावलं. आठ वर्षांत साडेतीन लाखांहून जास्त जागा गेल्या. आता सांगा, कात्री कुणाच्या हातात होती?

माझं म्हणणं एवढंच की हा आकडा अध्यक्षाच्या भाषणाचं ऐकत नाही. तो युद्ध, कायदे आणि मोजायची पद्धत यांचं ऐकतो.

टेक्सासकर:
हिशेबनीस, तुमचा हिशेब अर्धा आहे. क्लिंटन यांच्या काळात शीतयुद्ध संपलं होतं, लष्करी तळ बंद होत होते. ते नसते तर गोरसाहेबांचे अहवाल कपाटात पडले असते. शिवाय 1994 च्या निवडणुकीनंतर काँग्रेस (म्हणजे तिथली संसद) रिपब्लिकनांकडे होती, ते सोयीस्करपणे विसरलात.

आणि अध्यक्षाच्या मनात आलं तर काय होतं ते 2025 मध्ये ट्रम्प आल्यावर सगळ्यांनी पाहिलं. एका वर्षात अडीच लाखांहून जास्त माणसं कमी झाली. युद्ध संपलं नव्हतं, नवा कायदाही नव्हता. इच्छा होती.

हिशेबनीस:
शीतयुद्धाचा मुद्दा मान्य. पण तो माझ्याच बाजूचा आहे हो!

2025 बद्दल: कमी झाले हे खरं, कसे ते बघा. 28 जानेवारीला सरसकट सगळ्यांना ईमेल, आता राजीनामा कबूल करा, सप्टेंबरअखेरपर्यंत पगार घरबसल्या घ्या. पहिल्या फेरीत सुमारे 75 हजारांनी हो म्हटलं, पुढे तो आकडा दीड लाखांच्या घरात गेला. यात कोण जातो? ज्याला बाहेर नोकरी मिळते तो. मग फेब्रुवारीत प्रोबेशनवरच्यांवर कुऱ्हाड. ते निकामी होते म्हणून नव्हे, त्यांना काढणं कायद्यानं सोपं होतं म्हणून. अण्वस्त्रांची देखभाल करणाऱ्या संस्थेतले शेकडो लोक काढले आणि काही दिवसांत बहुतेकांना परत बोलावलं. याला छाटणी म्हणायचं की डोळे मिटून कोयता चालवणं?

वऱ्हाडी_वाणी:
अमेरिकेचं राहू द्या, आपल्याकडे बघा. 2023 मध्ये बाह्य यंत्रणेमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर काढला, पोरं रस्त्यावर आली, दीडेक महिन्यात रद्द केला. पक्ष कोणताही असो, कायम जागा भरायची वेळ आली की घोडं पेंड खातं.

हिशेबनीस:
वाणीशेठ, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो. इथे गाडी वॉशिंग्टनला जाऊ द्या. कंत्राटाचा मुद्दा मात्र तिकडेही लागू आहे.

मेरीलँडची_माई:
तोच सांगायला आले. आमच्या गल्लीत चार घरं 'सरकारी' आहेत. त्यातलं खऱ्या अर्थानं सरकारी एकच. बाकी तिघं (आमचे हे धरून) कंत्राटदार कंपन्यांचे नोकर. इमारत तीच, काम तेच, मीटिंगा त्याच, फक्त ओळखपत्रावरची पट्टी वेगळ्या रंगाची. केंद्र सरकारची नोकरी बहुतेक ठिकाणी नागरिकत्वाशिवाय मिळत नाही, त्यामुळे व्हिसावर आलेली आपली मुलं याच दारानं आत येतात. तुमच्या कुठल्याही आकड्यात ती दिसत नाहीत.

2023 च्या आर्थिक वर्षात सरकारनं कंत्राटांवर सुमारे 75 हजार कोटी डॉलर खर्च केले. मुलकी नोकरांचा पगार याच्या निम्म्याहूनही कमी भरतो, एकूण खर्चाच्या पाचेक टक्के. अध्यक्ष म्हणतो 'माणसं कमी केली', आणि तेच काम दुसऱ्या खिशातून पैसे देऊन करून घेतो. माझी सासू कामवाली काढली म्हणून मिरवायची आणि धुणं लाँड्रीत द्यायची, त्यातली गत.

टेक्सासकर:
माई, उदाहरण झकास. पण मग लाँड्रीपण बंद करा की! 2025 मध्ये कंत्राटंही रद्द झालीच होती. आणि "फक्त पाच टक्के" हा युक्तिवाद मला पटत नाही. पगार पाच टक्के असेल, पण नियम काढणारे, परवाने अडवणारे तेच. माणूस कमी झाला की कागदही कमी फिरतो.

मेरीलँडची_माई:
नाही हो, कागद तेवढाच राहतो, रांग लांबते. साठ टक्क्यांच्या आसपास माणसं संरक्षण, माजी सैनिक आणि अंतर्गत सुरक्षा या तीन खात्यांत आहेत. माजी सैनिकांच्या दवाखान्यातली नर्स कुणाचा परवाना अडवते? विमानतळावर तपासणी करणारे आधी खासगी होते, नोव्हेंबर 2001 मध्ये कायदा करून सरकारी झाले. धाकट्या बुश यांच्या, म्हणजे रिपब्लिकन राजवटीत. तेव्हा कुणी खोगीरभरती म्हटलं नाही.

हिशेबनीस:
ओबामांच्या काळातल्या नोकरसंख्येच्या आलेखात 2010 ला जो सुळका दिसतो, त्यावरही खूप भांडणं होतात. ती जनगणना! मे 2010 या एका महिन्यात चार लाखांवर हंगामी माणसं घेतली, उन्हाळा सरेपर्यंत बहुतेक घरी गेली. शून्यावर संपणाऱ्या प्रत्येक वर्षी हे होतं.

जुनी_फाईल:
सगळेजण डोकी मोजताय, ती कुणाची आहेत हे कुणी बोलत नाही. 1829 मध्ये अँड्र्यू जॅक्सन आले आणि 'जिंकेल त्याची लूट' हा रिवाज पक्का झाला. अध्यक्ष बदलला की टपालवाल्यापर्यंत माणसं बदलायची. 1881 मध्ये अध्यक्ष गार्फील्ड यांना गोळी घालणारा गिटो हा पॅरिसमधल्या वकिलातीत नेमणूक मागत फिरणारा उमेदवार होता. त्यानंतर 1883 चा पेंडल्टन कायदा आला, परीक्षा आल्या. सुरुवातीला तोही दहा टक्क्यांच्या आसपासच नोकऱ्यांना लागू होता.

ऑक्टोबर 2020 मध्ये ट्रम्प यांनी धोरणाशी संबंधित नोकऱ्यांचं संरक्षण काढणारा हुकूम काढला, जानेवारी 2021 मध्ये बायडेन यांनी तो रद्द केला, 2025 मध्ये तो पुन्हा जिवंत झाला. सरकारी अंदाजच सुमारे 50 हजार जागांचा आहे. एकूण आकड्यात ते दोन टक्के, आलेखात दिसणारही नाहीत. मला त्या अडीच लाखांपेक्षा या 50 हजारांची जास्त धास्ती वाटते.

टेक्सासकर:
फाईलकाका, धास्ती कसली? मतं मागून निवडून आलेल्या माणसाचं कुणी ऐकायचंच नाही का? तुमच्या परीक्षा पास झालेल्यांनी काय दिवे लावले ते ऐका. पेन्सिल्व्हेनियात बॉयर्स नावाचं गाव आहे. तिथे चुनखडीच्या जुन्या खाणीत, जमिनीखाली, केंद्र सरकारी नोकरांच्या निवृत्तीचे कागद ठेवतात आणि शेकडो माणसं ते हातानं हलवतात. एकविसाव्या शतकात! तुमच्या कुठल्या अध्यक्षानं हे मोडलं?

हिशेबनीस:
रेगन, थोरले बुश, क्लिंटन, धाकटे बुश, ओबामा, कुणीच नाही. हा मुद्दा निर्विवाद तुमचा.

फक्त एक विचारतो. 2025 मध्ये जे मोठ्या संख्येनं निवृत्ती घेऊन गेले, त्यांच्या पेन्शनचे कागद कुठे गेले असतील?

टेक्सासकर:
ठाऊक आहे. खाणीतच. पण ऑनलाइन अर्ज सगळ्या खात्यांना सक्तीचा झाला तोही त्याच वर्षी. धक्का बसला नसता तर झाला असता?

मेरीलँडची_माई:
ते मी शेजारच्या काकूंना विचारून सांगते. त्या तेहतीस वर्षांच्या नोकरीनंतर सप्टेंबरात बाहेर पडल्या. नाताळ झाला तरी हातात पुरी पेन्शन नव्हती.