भूतानचा त्सेचू पाहायचा आहे : इंदूरहून कधी आणि कसे जावे?

प्रश्न : नवलाखा, इंदूर

नमस्कार मंडळी. येत्या वर्षभरात भूतानला जायचे आमच्या घरी ठरले आहे. आम्ही चौघे आहोत : बहात्तर वर्षांची माझी आई, आम्ही दोघे आणि दहा वर्षांची मुलगी. डोंगर आणि थंड हवा हा जाण्याचा हेतू नाही, ते हिमाचलातही मिळते. तिथल्या बौद्ध मठांतले उत्सव, विशेषतः मुखवटे घालून होणारी नृत्ये निवांत बसून पाहता यावीत, अशी आईची फार दिवसांची इच्छा आहे. शहरातल्या एका प्रवासी कंपनीने ‘फेस्टिव्हल टूर’ या नावाने सहा रात्रींचा कार्यक्रम दिला. तो नीट वाचला तेव्हा लक्षात आले की त्यात उत्सवासाठी एकच दुपार ठेवली आहे आणि उरलेला वेळ बाजार व ‘पॉइंट’ पाहण्यात जाणार आहे.

कोणता उत्सव निवडावा, आईच्या वयाला कोणती जागा झेपेल, मुलीच्या परीक्षा आणि घरचे सणवार सांभाळून कोणता काळ जमेल आणि साधारण खर्चाचा अंदाज काय धरावा, हे जाऊन आलेल्यांनी सविस्तर सांगितल्यास उपकार होतील. तिथे नेमके काय चाललेले असते हे आधी थोडे समजले, तर आईला अधिक आनंद होईल असे वाटते.

उत्तर १ : रामबाग

ताई, कंपनीचा कागद बाजूला ठेवा आणि आधी पंचांग उघडा. त्सेचू हा गुरू रिंपोचे, म्हणजे आठव्या शतकातले गुरू पद्मसंभव, यांच्या स्मरणाचा उत्सव आहे आणि त्याचा संबंध चांद्र महिन्याच्या दशमीशी आहे. त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते, पण तिथी आपल्या ओळखीची निघते. २०२४ मध्ये थिंफूचा त्सेचू १३ सप्टेंबरला सुरू झाला, म्हणजे आपल्याकडे घरात गणपती बसलेले असताना, भाद्रपद शुद्ध दशमीला. २०२५ मध्ये तोच उत्सव २ ऑक्टोबरला, ऐन दसऱ्याच्या दिवशी सुरू झाला. पारोचा त्सेचू पौर्णिमेला संपतो. २०२४ मध्ये तो दिवस २५ मार्चला, धुळवडीला आला आणि २०२५ मध्ये १२ एप्रिलला, हनुमान जयंतीला.

यावरून आपल्याच पंचांगातून तारीख काढण्याचा मोह होईल, तो मात्र आवरा. भूतानच्या दिनदर्शिकेतही अधिक महिना असतो, तिथींची वृद्धी आणि क्षय असतो, परंतु त्यांचा हिशेब वेगळा आहे आणि तो शेजारच्या तिबेटी गणनेशीही दरवेळी जुळत नाही. भूतानचा पर्यटन विभाग वर्षाच्या उत्सवांची यादी जाहीर करतो, तीच प्रमाण मानावी आणि तिकिटे त्यानंतरच काढावीत.

आता तुमच्या घराचा विचार करू. थिंफूचा उत्सव भाद्रपदात येत असेल तर तो सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. घरचा गणपती हे एक कारण झालेच, शिवाय त्या वेळी पाऊस पुरता सरलेला नसतो आणि फुंत्शोलिंग या भूतानच्या सीमेवरच्या गावाहून वर जाणाऱ्या रस्त्यावर दरडी कोसळण्याची धास्ती असते. आश्विनात येत असेल तर हवा स्वच्छ असते आणि दसऱ्याच्या सुट्ट्याही जुळतात, परंतु राजधानीचा उत्सव असल्याने गर्दी फार असते. पुनाखाचा द्रुबछेन हा उत्सव आणि त्यालाच जोडून येणारा त्सेचू माघ-फाल्गुनात, म्हणजे नेमका वार्षिक परीक्षांच्या तोंडावर येतो. पारोचा त्सेचू मार्चअखेरीला किंवा एप्रिलमध्ये आला, तर मुलीची परीक्षा झालेली असते आणि नवे सत्र नुकतेच कुठे सुरू होत असते. माझी निवड पारो.

पारोत पहिल्या दिवसाची नृत्ये रिनपुंग झोंगच्या आतल्या चौकात होतात आणि नंतरचे दिवस बाहेरच्या मोकळ्या मैदानात. झोंग म्हणजे किल्ला, मठ आणि सरकारी कचेरी ही तिन्ही एकाच कोटात सामावलेली वास्तू. शेवटच्या दिवशी पहाटे अंधारात थोंगद्रेल उलगडतात. रेशमी कापडाचे तुकडे जोडून केलेले हे भलेमोठे पटचित्र असते, त्याच्या नुसत्या दर्शनाने पापक्षालन होते अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे, आणि सूर्याचे किरण थेट पडण्याच्या आत ते पुन्हा गुंडाळून ठेवतात. म्हणजे न्याहारी करून नऊ वाजता पोहोचणाऱ्याला ते दिसत नाही, आणि बहुतेक पॅकेजवाले नऊ वाजताच नेतात. आईंना गरम कपड्यांत नीट गुंडाळून पहाटे चारलाच बाहेर पडण्याची तयारी ठेवा. पारो सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे, त्या वेळची थंडी इंदुरातल्या पौषातल्या पहाटेहून कडक वाटेल.

मैदानावर निदान दोन पूर्ण दिवस राखून ठेवा. त्यासाठी तक्त्संगची चढण सोडावी लागली तरी सोडा. तो मठ ३,१२० मीटरवर, कड्याला चिकटून आहे आणि पायथ्यापासून सुमारे ५०० मीटर चढावे लागते. खालून तो छान दिसतो. हवे तर तुम्ही दोघांपैकी एकाने मुलीला घेऊन जावे.

उत्तर २ : मनोरमागंज

निवडीबद्दल वर लिहिले आहेच, मी कागदपत्रे आणि पैसे एवढेच सांगतो. भारतीयांना व्हिसा लागत नाही, परवाना लागतो. त्यासाठी किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवे. आधार कार्ड चालत नाही, आणि नेमके तेच घेऊन लोक जयगाव या आपल्या बाजूच्या सीमेवरच्या गावातल्या फाटकापर्यंत जातात. मुलीसाठी पासपोर्ट सर्वांत सोयीचा, नसल्यास जन्माचा दाखला. आपल्याकडचे जुने दाखले नुसते हिंदीत असतात, तेव्हा इंग्रजी मजकूर असलेला आताच काढून ठेवावा.

भूतान सरकार पाहुण्यांकडून घेते ते शाश्वत विकास शुल्क भारतीयांना माणशी दर रात्री १,२०० रुपये आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना त्याच्या निम्मे. तिघे मोठे आणि एक मूल यांचे सहा रात्रींचे २५,२०० रुपये होतात. इतर बहुतेक देशांच्या पाहुण्यांना हेच शुल्क माणशी दर रात्री १०० डॉलर पडते, त्या मानाने आपल्याला बरीच सवलत आहे. हॉटेल, गाडी, गाइड आणि झोंग-मठांचे प्रवेशशुल्क याशिवाय वेगळे. कंपनीच्या किमतीत यांपैकी काय धरले आहे ते लेखी मागा. न्गुल्ट्रम या भूतानी चलनाचे मूल्य रुपयाइतकेच आहे आणि आपला रुपयाही चालतो. बऱ्याच ठिकाणी यूपीआयने पैसे देता येतात, तरी उत्सवाच्या मैदानाभोवतीच्या खाण्याच्या टपऱ्यांसाठी सुटे पैसे जवळ असू द्यावेत.

जाण्याचे दोन मार्ग आहेत. इंदूरहून कोलकाता किंवा दिल्ली गाठून तिथून पारोचे विमान घेता येते. या मार्गावर भूतानच्या दोनच विमान कंपन्या आहेत, त्यामुळे उत्सवाच्या दिवसांतली तिकिटे लवकर संपतात. पारोचा विमानतळ अरुंद दरीत असून तिथे दिवसाउजेडीच आणि हवा स्वच्छ असतानाच विमान उतरते, म्हणून परतीच्या पुढच्या प्रवासात एक दिवस मोकळा ठेवावा. दुसरा मार्ग रेल्वेचा. महूहून कामाख्येला जाणारी साप्ताहिक गाडी न्यू जलपाईगुडीला सोडते. किंवा शिप्रा एक्स्प्रेसने हावडा आणि पुढे सियालदहहून कांचनकन्या एक्स्प्रेसने हासीमारा. हासीमाऱ्याहून जयगाव अगदी जवळ आहे. जयगावच्या पलीकडे फुंत्शोलिंग आणि तिथून पाच-सहा तास घाटरस्त्याने थिंफू किंवा पारो. आई बरोबर आहेत, तेव्हा जाताना तरी विमान घ्यावे. घड्याळ अर्धा तास पुढे करायला विसरू नका.

उत्तर ३ : साकेतनगर

‘रामबाग’ यांनी पुनाखा परीक्षेच्या नावाखाली फार लवकर बाद केले, असे मला वाटते. पाचवीतल्या मुलीची परीक्षा आणि बहात्तर वर्षांच्या आईची तब्येत यांत मी आईकडे झुकेन. पुनाखा सुमारे १,२०० मीटरवर आहे, म्हणजे पारोपेक्षा हजार मीटर खाली, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथली दुपार चांगली उबदार असते. भूतानचे प्रमुख धर्मगुरू, ज्यांना जे खेन्पो म्हणतात, आणि त्यांचा भिक्षुसंघ हिवाळा पुनाख्यातच काढतात. फो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावरचा तो झोंग भूतानला एकत्र आणणारे झाबद्रुंग न्गवांग नामग्याल यांनी १६३७-३८ मध्ये बांधला. द्रुबछेनमध्ये सतराव्या शतकातल्या तिबेटी स्वारीचा प्रसंग गावकरी स्वतः सैनिक बनून उभा करतात. स्वारी ज्या पवित्र मूर्तीसाठी आली होती ती नदीत टाकल्याचा बहाणा करून शत्रूला परतवले, अशी कथा आहे, आणि त्याची आठवण म्हणून मिरवणुकीच्या शेवटी जे खेन्पो मो छूच्या पात्रात संत्री टाकतात. इतके नाट्य दुसऱ्या कुठल्या उत्सवात नाही. एक अडचण मात्र खरी आहे : झोंगच्या दारातला लाकडी जिना फार उभा आहे. गुडघे दुखत असतील तर पारोचे मैदानच बरे.

काय चालते हे विचारले आहे, त्याबद्दल थोडे. या नृत्यांना छाम म्हणतात. बरीचशी भिक्षू स्वतः करतात, काही गृहस्थ करतात. काळ्या टोप्यांच्या नृत्यात मुखवटे नसतात. बौद्ध धर्माचा छळ करणाऱ्या लांगदर्मा या तिबेटी राजाला नवव्या शतकात एका भिक्षूने मारले, त्या कथेशी ते जोडलेले आहे. रुंद बाह्यांत धनुष्य लपवले होते म्हणून पोशाखाच्या बाह्या तेवढ्या रुंद, असे सांगतात. द्रामेत्से मठातून आलेले ढोलांचे नृत्य १६ मुखवटाधारी नर्तक आणि १० वादक मिळून करतात, युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत ते २००८ पासून आहे. पण तुमच्या आईंना सर्वांत जवळचे वाटेल ते रक्षा मंगछाम. मृत्यूनंतर जीव धर्मराजापुढे उभा राहतो, बैलाच्या तोंडाचा त्याचा अधिकारी बाजूला असतो, पांढरे आणि काळे खडे तराजूत घालून पापपुण्य तोलले जाते, पापी काळ्या वाटेने ओढला जातो आणि पुण्यवान पांढऱ्या रेशमी वाटेने जातो. चित्रगुप्ताची वही ऐकत लहानाचे मोठे झालेल्या आपल्या माणसाला इथे दुभाष्याची गरज भासत नाही. हे नृत्य काही तास चालते. आपल्याकडे कीर्तनाला बसलेले लोक मध्येच उठून पाणी पिऊन येतात, शेजारणीशी दोन शब्द बोलतात आणि पुन्हा रंगतात, तसेच तिथे बसायचे असते. सलग टक लावून पाहणारे फक्त परदेशी पाहुणे असतात.

आणखी एक, घरच्यांना आधीच सांगून ठेवावे असे. अत्सारा नावाचे लाल मुखवट्यांचे विदूषक मैदानभर फिरतात, नर्तकांची नक्कल करतात, प्रेक्षकांकडून पैसे मागतात, आणि त्यांच्या हातात बहुधा लाकडी लिंग असते. त्याने ते लोकांना आशीर्वादही देतात. तिथल्या आजीबाई यावर मनमुराद हसतात, आपल्याकडचे काका मात्र दूरवरचे डोंगर पाहू लागतात.

मुलीच्या दृष्टीने ११ नोव्हेंबरला फोब्जिखा खोऱ्यात गांगते मठाच्या आवारात होणारा काळ्या मानेच्या क्रौंचांचा उत्सवही विचारात घ्यावा. तारीख ठरलेली असल्याने नियोजन सोपे जाते, आणि शाळेतली मुले क्रौंच बनून नाचतात.

उत्तर ४ : रामबाग

क्रौंचांचा उत्सव गोड आहे, मात्र तो पक्षिसंरक्षणासाठी १९९८ मध्ये सुरू झालेला कार्यक्रम आहे. आईंना जो धार्मिक विधी पाहायचा आहे तो हा नव्हे. शिवाय ते खोरे जवळपास तीन हजार मीटरवर आहे आणि नोव्हेंबरात सूर्य कलला की थंडी झोंबते. पुनाखाबद्दल ‘साकेतनगर’ यांचे म्हणणे मान्य, पण तो जिना मीही चढलो आहे. माझे मत पारोच.

प्रश्नकर्ती : नवलाखा

सर्वांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवले आणि तिने गुडघ्यांवर हात ठेवून पारो म्हटले. तिच्या दोन शंका आहेत. आपण तिथे नमस्कार, प्रदक्षिणा, दिवा असे काही केलेले चालते का, की नुसते पाहुणे म्हणून बसायचे? आणि पूर्ण शाकाहारी जेवणाची सोय होते का? मुलीने ड्रोनचे विचारले आहे, त्याचे उत्तर तुम्हीच दिलेले बरे.

उत्तर ५ : साकेतनगर

ड्रोन घरी ठेवावा, परवानगीशिवाय उडवता येत नाही. मैदानातल्या नृत्यांचे फोटो काढता येतात, परंतु नर्तकांच्या रिंगणात शिरू नये. मंदिराच्या गाभाऱ्यात कॅमेरा चालत नाही.

आईंना सांगा की नमस्कार करावा, मठाभोवती आपल्यासारखीच, उजवा हात आत ठेवून प्रदक्षिणा घालावी, प्रार्थनाचक्रेही त्याच दिशेने फिरवावीत. तुपाचे दिवे लावण्याची जागा बऱ्याच मठांत वेगळी असते, थोडे पैसे ठेवून दिवा लावता येतो. स्थानिक लोक झोंगमध्ये पूर्ण पोशाखात येतात, पुरुष खांद्यावरून काबने नावाचे उपरणे घेतात आणि बायका राचू नावाची पट्टी. आईंचे नऊवारी किंवा सहावारी लुगडे आणि वर शाल यापेक्षा योग्य वेश दुसरा नाही. जावईबापूंनी मात्र अर्धी चड्डी नेऊ नये, आणि आत शिरताना टोपी काढावी. बसायला मैदानात खुर्च्या मिळतीलच असे नाही, म्हणून घडीची चटई आणि आईंसाठी पाठ टेकायला एखादी हलकी आसनी न्यावी.

शाकाहाराची चिंता नको. एमा दात्शी म्हणजे हिरव्या मिरच्या आणि चीज यांची भाजी, तिथे मिरची हा मसाला नसून भाजीच असते. तिखट सोसत नसेल तर बटाट्याची केवा दात्शी मागवावी आणि तांबड्या भाताबरोबर खावी. वरण जवळपास सगळीकडे मिळते. लोणी-मिठाचा चहा आईंना पहिल्या घोटाला आवडणार नाही, साधा दुधाचा चहा मागितला तर देतात. बरोबर शेव नेणार असालच, पाकिटे दोन जास्त न्या. मैदानात शेजारी बसलेले लोक आपल्या डब्यातले पुढे करतात, तेव्हा परत द्यायला हाताशी काहीतरी असावे.