शब्दचर्चा : रायफलचं ‘बेडिंग’ आणि ‘रिलीज एजंट’ यांना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न :
२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेंनी ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून आमच्या क्लबात ५० मीटरसाठी येणारी मुलं वाढली आहेत. क्लबाकडे लाकडी दस्त्याच्या जुन्या .२२ रायफली आहेत. त्यांच्या देखभालीवर मुलांसाठी छोटी मराठी पुस्तिका करतो आहे. ‘बेडिंग कंपाउंड’ला ‘गादीचे मिश्रण’, ‘ग्लास बेडिंग’ला ‘काचेची गादी’ आणि ‘रिलीज एजंट’ला ‘विमोचक’ लिहिलं आहे. चालेल का?

प्रतिसाद १ :
‘गादी’ कृपा करून काढा. या शब्दाने मुलाच्या डोक्यात नेमकं उलटं चित्र उभं राहील.

ॲक्शन, म्हणजे नळीच्या मागचा, बोल्ट ज्यात मागेपुढे सरकतो तो पोलादी भाग, दस्त्याच्या खोबणीत बसतो आणि खालून स्क्रूंनी आवळला जातो. खोबण तंतोतंत नसेल तर स्क्रू आवळताना ॲक्शनवर ताण येतो, ती किंचित वाकते. मग प्रत्येक गोळीनंतर ती त्याच जागी परत येईल याची खात्री राहत नाही आणि गोळ्यांचा गट पसरतो. त्यात लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. म्हणून खोबणीचा थोडा भाग कोरून तिथे इपॉक्सी (दोन घटक मिसळल्यावर घट्ट होणारं रसायन) भरतात आणि ॲक्शन त्यात दाबून बसवतात. इपॉक्सी घट्ट झाला की पोलादाचा हुबेहूब ठसा तयार होतो. हेच बेडिंग. हा थर जराही दबता कामा नये. गादीचं तर कामच दबणं.

आपल्याकडे वर्कशॉपमध्ये ‘बैठक’ हा शब्द रुळलेला आहे. मशीनची बैठक, व्हॉल्व्हची बैठक. इथेही तोच घ्या : ‘ॲक्शनला बैठक देणे’, ‘बैठकीचा इपॉक्सी’. दस्त्यात ॲल्युमिनियमच्या नळकांड्या बसवून त्यांतून स्क्रू नेतात, त्या ‘पिलर बेडिंग’ला ‘खांबांची बैठक’ म्हणता येईल. स्क्रू आवळताना लाकूड चेपू नये म्हणून ते खांब असतात.

‘काचेची’ हेही नको. तिथली ‘ग्लास’ म्हणजे फायबरग्लास. इपॉक्सीला बळकटी यावी म्हणून त्यात काचतंतूंचा चुरा घालत, त्यावरून ते नाव पडलं. आज पोलादाची पूड घातलेले इपॉक्सीही सर्रास वापरतात आणि त्यालाही लोक ‘ग्लास बेडिंग’च म्हणतात. तुम्ही ‘इपॉक्सीची बैठक’ लिहा.

प्रतिसाद २ :
सुतार आणि गॅरेजवाले भेगा-खड्डे भरायला ‘लांबी’ भरतात. बेडिंगला तोच शब्द का नको? सगळ्यांना कळतो.

प्रतिसाद १ :
कळतो, पण मग कोणी खरोखरच लांबी आणून भरेल. लांबी घासून सपाट करण्यासाठी असते, तिच्यावर भार येत नाही, आणि तिचे बरेच प्रकार वाळताना आक्रसतात. बैठकीच्या इपॉक्सीने आक्रसू नये, दाबाखाली टिकावं आणि तेल-सॉल्व्हंटला दाद देऊ नये, या अटी आहेत.

एक वेगळी सूचना. इपॉक्सीच्या दोन घटकांचं पुस्तिकेत नुसतं ‘प्रमाण’ लिहू नका. उदाहरणार्थ, डेव्हकॉन कंपनीच्या ‘प्लास्टिक स्टील पुट्टी’चं (नावात पुट्टी असली तरी हा पोलादाची पूड घातलेला इपॉक्सी आहे) प्रमाण आकारमानाने २.५ ला १ आहे आणि वजनाने ९ ला १. कोणतं माप ते लिहिलं नाही, तर प्रमाण चुकून इपॉक्सी नीट घट्ट न होण्याचा धोका आहे.

प्रतिसाद ३ :
‘विमोचक’ ज्याला इंग्रजी शब्द आधीच माहीत आहे त्यालाच कळेल. स्लॅबच्या फळ्यांना काँक्रीट धरू नये म्हणून आपण ‘शटरिंग ऑइल’ लावतो. प्लास्टरचा साचा घेताना मूर्तिकार साबणाचं पाणी लावतात. रिलीज एजंटचं काम तेच आहे, इपॉक्सी ॲक्शनच्या पोलादाला धरू नये. मी ‘न चिकटू देणारा लेप’ असं लिहीन, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजेच रिलीज एजंट’ जोडेन. लांब आहे, पण काम सांगतो.

आणि ‘पीव्हीए’ या अक्षरांपासून मुलांना जपा! दुकानात ‘पीव्हीए’ मागितलं तर फेव्हिकॉलसारखा सुतारकामाचा गोंद हातात पडेल. तो पॉलिव्हायनिल ॲसिटेट, चिकटवणारा. रिलीज एजंटमधला पॉलिव्हायनिल अल्कोहोल. त्याचा पातळ पापुद्रा धरतो आणि नंतर पाण्याने धुऊन निघतो. पुस्तिकेत पूर्ण नावंच छापा. पेस्ट वॅक्स किंवा बिनरंगी बूट पॉलिशही बरेच जण वापरतात, तिथे हा घोटाळा होत नाही.

प्रतिसाद १ :
पीव्हीएबद्दल पूर्ण सहमत. यात एक भर घालतो, कारण सगळ्यात महाग नुकसान इथेच होतं. ‘चिकटणे’ आणि ‘अडकणे’ ही क्रियापदं पुस्तिकेत काटेकोरपणे वेगळी ठेवा. लेप फक्त चिकटू देत नाही. इपॉक्सी ॲक्शनच्या एखाद्या भोकात, ट्रिगरच्या खाचेत किंवा आत वळलेल्या कडेखाली शिरून घट्ट झाला, तर लेप कितीही लावलेला असो, ॲक्शन अडकते आणि दस्ता फोडून काढायची वेळ येते. म्हणून अशा सगळ्या जागा आधी मॉडेलिंग क्लेने बुजवायच्या. स्क्रूंच्या आट्यांनाही लेप लावायचा. ‘लेप लावल्यास ॲक्शन सुटते’ हे वाक्य अर्धवट आहे. ‘लेप लावल्यास चिकटत नाही, भोकं बुजवल्यास अडकत नाही’ असं लिहा.

मोठ्या काडतुसांच्या रायफलींत धक्का झेलणारा ‘रिकॉइल लग’ असतो. त्याच्या पुढच्या, खालच्या आणि बाजूच्या पृष्ठभागांवर टेप लावतात, म्हणजे तिथे फट राहते. मागचा पृष्ठभाग उघडा ठेवतात, कारण धक्का त्याच्यावरून दस्त्यात जातो. बहुतेक .२२ मध्ये हा लग नसतो, तेव्हा तुमच्या पुस्तिकेला त्याची गरज पडू नये.

प्रश्नकर्ता :
‘गादी’ आणि ‘विमोचक’ दोन्ही काढले. ‘फ्री फ्लोटिंग बॅरल’ला, म्हणजे दस्त्याला न टेकणाऱ्या नळीला, ‘तरंगती नळी’ केलं आहे, तेही बदलू का?

प्रतिसाद ३ :
बदला. ‘मोकळी नळी’ पुरे. नळी आणि दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी न अडखळता सरकली पाहिजे, एवढं एक वाक्य शेजारी जोडा.