महापुराच्या काळात जंगलातील नोंदी थांबवाव्यात का?

कृष्णाकाठ (कराड): जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडींखाली माणसे गाडली गेली. अशा वेळी जंगलाच्या वाटा बंद होतात, वनरक्षक मदतकार्याला जातात आणि प्राणी-वनस्पतींच्या नोंदी घेण्याचे अभ्यासकांचे काम पुढच्या हंगामावर ढकलले जाते. माझे म्हणणे असे, की अधिवास ज्या हंगामात सर्वाधिक बदलतो, नेमका तोच आपल्या नोंदींतून गळतो. १९६३ मध्ये प्रथम वर्णिलेला कोयना टोड हा बेडूक पावसाळ्यातच प्रजननासाठी बाहेर पडतो. दरडींमुळे ओढ्यांत किती गाळ आला आणि कातळावरची डबकी उरली का, हे डिसेंबरमध्ये जाऊन समजत नाही. म्हणून कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून झालेल्या सह्याद्री व्याघ्र राखीव क्षेत्राच्या आपत्ती आराखड्यात किमान नोंदींची तरतूद हवी.

पाटणखोरे: मी याच्याशी पूर्णपणे असहमत आहे. शेजारच्या गावात ढिगारा उपसला जात असताना वनरक्षकाने बेडूक मोजावेत, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. कोयना आणि चांदोलीसाठी ज्यांनी गावे सोडली, त्यांना संकटातही दुय्यम ठरवू नये. शिवाय २०२० मध्ये करोनामुळे कास पठार पर्यटकांविना राहिले, त्याला विश्रांतीच मिळाली.

वारणाखोरे (शिराळा): कासचे उदाहरण तुमच्याच विरोधात जाते. विश्रांतीचा लाभ झाला की नाही, हे सांगण्यासाठी आधीच्या आणि नंतरच्या हंगामांची एकाच पद्धतीने केलेली नोंद लागते. तिथले टोपली कारवी हे झुडूप सुमारे सात वर्षांनी एकदम बहरते. ते वर्ष हुकले, तर पुढच्या बहराची वाट पाहण्यावाचून इलाज नाही. आणि गस्त थांबलेले जंगल माणसांपासून दूर राहतेच असे नाही, कारण हातचे काम गेलेले कुटुंब सरपणासाठी तिकडेच वळते.

कृष्णाकाठ (कराड): वनरक्षकांबाबतचा आक्षेप मला मान्य आहे, मदतकार्य आधी, यात वाद नाही. मात्र पावसाळ्यापूर्वी लावलेली ध्वनिमुद्रण यंत्रे माणूस न जाताही नोंद घेतात, आणि रस्ता खुला होताच गावातील प्रशिक्षित तरुण मजुरीवर ओढ्यांची पाहणी करू शकतात.

पाटणखोरे: ती मजुरी आपत्तीच्या वर्षीही वेळेवर मिळेल आणि त्या तरुणांचा विमा असेल, असे आराखड्यात लेखी असेल, तरच माझा विरोध सौम्य होईल. आजवर असे प्रस्ताव मांडणाऱ्यांनी या खर्चाचा विषय शेवटीच काढला आहे.