संघाच्या वार्तापत्रात इतरांचे लेख घ्यायचे आहेत, परवानगी कोणाची घ्यावी? (मदत हवी आहे)

शिरीषवृक्ष
नमस्कार मंडळी. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक वार्तापत्राचं काम पुढच्या अंकापासून माझ्याकडे आलंय. आठ पानी छापील अंक असतो, तीच पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर आणि संघाच्या वेबसाइटवरही जाते. आतापर्यंत चांगलं काही वाचनात आलं की टंकून घ्यायचं आणि खाली 'साभार' लिहायचं, अशी पद्धत होती. कमिटीतले एक काका म्हणतात, "आपण काय विकतोय का? उलट लेखकाचं नाव चार लोकांत जातंय." मला हे पटत नाही, पण वाद घालण्याइतकी माहितीही नाही.

सध्या हाताशी आहे ते असं: गुडघेदुखीवर एका डॉक्टरांचा दिवाळी अंकातला लेख (संपादक फोनवर "खुशाल घ्या" म्हणाले, पण लेख लांबलचक आणि आमच्याकडे जागा एका पानाची). निवृत्तीनंतरच्या सहजीवनावर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला लेख, खाली नाव नाही. साने गुरुजींचा एक आणि आचार्य अत्र्यांचा एक जुना लेख. शिवाय घरात पाय घसरून पडण्याबद्दल एका इंग्रजी वेबसाइटवरचा लेख, तो मराठीत मीच करणार.

कायदा तर पाळायचाच आहे, पण कायद्यात बसूनही लेखकाला वाईट वाटेल असं काही नको. जाणकारांनी सांगावं.

प्रूफवाला
दिवाळी अंकाचं आधी. लेखक तिथे पगारावर नसेल आणि त्याने हक्क लेखी दिले नसतील, तर कॉपीराइट लेखकाचाच राहतो. १९५७च्या कायद्याप्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. आपल्याकडे बहुतेक लेख फोनवर ठरतात, मानधन मिळालं तर मिळालं, करार कसला? तेव्हा संपादकांचं "खुशाल घ्या" हा त्यांचा मोठेपणा, पण द्यायला बहुधा त्यांच्या हातात काही नाही. डॉक्टरांचा नंबर मात्र त्यांच्याकडूनच घ्या. वर्तमानपत्रातल्या पगारी पत्रकाराचा लेख असेल तर वर्तमानपत्रालाच विचारायचं.

मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि ती पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे हयातीत प्रसिद्ध झालेलं त्यांचं लेखन २०११ पासून खुलं आहे. अत्रे १९६९ साली गेले, म्हणजे २०२९ संपेपर्यंत परवानगी लागणार. गुरुजींचा लेख नव्या आवृत्तीतून घेत असाल तर त्यातली प्रस्तावना आणि टिपा उचलू नका, त्या दुसऱ्या कोणाच्या असतात.

दुपारचा चहा
पण कलम ५२ मध्ये चालू सामाजिक, राजकीय विषयांवरचे लेख नियतकालिकात पुन्हा छापायची मुभा आहे ना? आणि १० टक्के मजकूर घेतला तर चालतो असंही ऐकलंय.

प्रूफवाला
मुभा आहे, पण लेखकाने तो हक्क स्पष्टपणे राखून ठेवला नसेल तर. आणि गुडघेदुखी 'चालू सामाजिक विषय' कशी ठरवणार? आमच्या सोसायटीत ठरेल कदाचित, कोर्टात कठीण आहे. १० टक्क्यांचं कायद्यात कुठेही नाही. परीक्षण किंवा टीका करताना उतारा घेता येतो, तो किती हे प्रकरण बघून ठरतं. आख्खा लेख छापून वर 'विचारप्रवर्तक' असं लिहिलं म्हणजे परीक्षण होत नाही.

ओसरीवरून
मी लिहिते, म्हणून पलीकडच्या बाजूने सांगते. छापील अंकाला मी सहसा हो म्हणते. मला खटकते ती पीडीएफ. माझा लेख माझ्या ब्लॉगच्या आधी कोणाच्या तरी पीडीएफमध्ये सापडतो, आणि नंतर मी चूक दुरुस्त केली तरी तिथे जुनाच मजकूर राहतो. म्हणून छापील प्रत, व्हॉट्सअ‍ॅप आणि वेबसाइट या तिन्हींची परवानगी वेगवेगळी मागा. लेखक वेबसाइटला नाही म्हणाला तर तिथे दोन-तीन वाक्यांत ओळख आणि दुवा द्या.

काटछाट हा त्याहून नाजूक भाग. लेखाची अशी मोडतोड केली की लेखकाच्या प्रतिष्ठेला धक्का लागेल, तर हक्क विकलेले असले तरी तो हरकत घेऊ शकतो (कलम ५७). तुमचा लेख तर वैद्यकीय आहे. जागेसाठी "हे व्यायाम हृदयविकार असणाऱ्यांनी करू नयेत" असं वाक्य उडालं, तर नाव डॉक्टरांचं जाईल आणि छातीत कळ सभासदाच्या येईल. छोटा केलेला मजकूर त्यांना दाखवून मगच छापा.

निरोप साधा ठेवा: "आपला अमुक लेख आमच्या संघाच्या वार्तापत्रात घ्यायचा आहे. अंक मोफत असतो, प्रती इतक्या. जागेअभावी लेख छोटा केला आहे, मजकूर सोबत पाठवत आहे. पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर आणि वेबसाइटवर दिली तर चालेल का? आपलं नाव आणि मूळ अंकाचा उल्लेख कसा हवा? आपला होकार आल्याशिवाय छापणार नाही." मानधन देणं शक्य असेल तर आकडा आधीच सांगा, नसेल तर तसंही सांगा. "आपल्याला प्रसिद्धी मिळेल" हे वाक्य कृपया नको!

नीलमोहर
निनावी लेखासाठी: मधलं एखादं वेगळं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा. पहिली ओळ नको, फॉरवर्ड करणारे तिथेच फेरफार करतात. मूळ ब्लॉग बऱ्याचदा सापडतो. खाली पुलंचं किंवा वपुंचं नाव असलं तरी विश्वास ठेवू नका, त्यांच्या नावावर वाट्टेल ते खपतं. लेखक सापडला नाही तर छापू नका. सहजीवनावर तुमचेच सभासद जास्त चांगलं लिहितील.

भाषांतराचा हक्कही मूळ लेखकाकडेच असतो. त्या पानावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना (ठरावीक अटींवर मजकूर वापरायची लेखकाने आधीच दिलेली मुभा) आहे का बघा. त्यात 'एनडी' (मजकुरात बदल नको) असेल तर भाषांतर प्रसिद्ध करता येत नाही. 'एनसी' (व्यावसायिक वापर नको) असेल आणि तुमच्या शेवटच्या पानावर औषधाच्या दुकानाची जाहिरात असेल तर विचारूनच घ्या. परवाना नसेल तर चार ठिकाणी वाचून स्वतःच्या मांडणीने लिहा. माहितीवर कोणाची मालकी नसते, पण वाक्यामागून वाक्य फिरवून लिहिणं म्हणजे पुन्हा तेच.

शिरीषवृक्ष
सगळ्यांचे आभार. डॉक्टरांशी बोललो. छोटा केलेला मजकूर तपासायला मागितलाय आणि वेबसाइटलाही हो म्हणाले, फक्त त्यांचा फोन नंबर छापायचा नाही. सहजीवनाचा लेख बाजूला ठेवलाय, गुरुजींचा घेतोय. अत्र्यांच्या लेखाचे हक्क सध्या कोणाकडे आहेत हे कसं शोधू?

प्रूफवाला
तो लेख ज्या पुस्तकात आहे त्याच्या ताज्या आवृत्तीचं हक्कांचं पान बघा. तिथे नाव असेल, नाहीतर प्रकाशकाला पत्र टाका. उत्तर यायला वेळ लागतो, त्यामुळे या अंकात त्यासाठी जागा धरू नका.