एलिझाबेथ फार्म: हात लावू देणारं घर नेमकी कुणाची गोष्ट सांगतं?

पैलतीर

सिडनीतल्या आपल्या मंडळींचं हॅरिस पार्कला येणं-जाणं असतंच. जेवायला जातो, किराणा भरतो. तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर, रोझहिलमध्ये, ऑस्ट्रेलियात टिकून राहिलेली सगळ्यात जुनी युरोपीय वास्तू आहे: एलिझाबेथ फार्म. जॉन आणि एलिझाबेथ मॅकार्थर या जोडप्यासाठी १७९३ मध्ये बांधलेलं. ६८ फूट लांब, १८ फूट रुंद, चार खोल्यांचं विटांचं बैठं घर. पुढे १८२० च्या दशकापासून वाढवत, बदलत नेलेलं. आत कुठे दोरी बांधलेली नाही, ‘हात लावू नका’ची पाटी नाही. खुर्चीत बसा, टेबलावरचे कागद चाळा, कुणी हटकत नाही, कारण सामान जुन्या वस्तूंवरून नव्याने घडवलेलं आहे.

माझा आक्षेप नेमका याच पद्धतीवर आहे. त्या खुर्चीत बसलं की आपण आपोआप घरमालक होतो. बागेकडे बघतो, मॅकार्थरांची भरभराट आपलीशी वाटायला लागते. हे घर ज्यांच्या कष्टावर चाललं ते, ब्रिटनमधून शिक्षा म्हणून इथे पाठवलेले कैदी त्या खुर्चीतून दिसत नाहीत. ही जमीन इथल्या मूळ रहिवाशांची, बुरामाट्टागल लोकांची. मॅकार्थरला १०० एकर बहाल झाले तेव्हा त्यांना कुणी विचारलं नाही. घर उभं राहून चार वर्षं होतात न होतात तोच, १७९७ मध्ये, मूळ रहिवाशांचा लढवय्या पेमल्वुय आपली माणसं घेऊन इथल्या पॅरामाटा वसाहतीवर चालून आला. त्याला गोळ्या लागल्या, तो पकडला गेला आणि पायात बेड्या असताना निसटला. हा माणूस त्या दिवाणखान्यातल्या खुर्चीतून कसा समजणार?

मागणी एवढीच: १७९३ च्या भागातली एक खोली पूर्ण रिकामी करावी. सामान नको, पडदे नकोत. भिंती, फरशी, आणि खाली जी जमीन आहे तिची गोष्ट.

वर्षा_वेस्टमीड

साफ असहमत. मुलांना घेऊन मी बरीच संग्रहालयं पाहिली आहेत. दोरीपलीकडचा पलंग बघून मुलं दोन मिनिटांत पुढच्या खोलीत पळतात. इथे माझी लेक टेबलाशी बसली, पत्र उचललं आणि ‘ही बाई एकटी कशी राहिली?’ असं तिने आपणहून विचारलं. त्या प्रश्नातून पुढचं सगळं निघालं, कैदी आणि बुरामाट्टागलसुद्धा.

आणि एलिझाबेथचं काय? १८०८ मध्ये वसाहतीचा गव्हर्नर ब्लाय याला पदच्युत करणाऱ्या बंडात जॉन पुढे होता. त्यापायी १८०९ ते १८१७ तो इंग्लंडमध्ये अडकला. ही सगळी वर्षं मुलं, शेती, मेंढ्या, कैदी मजूर, हिशेब, सगळं तिने सांभाळलं. पण ऑस्ट्रेलियाच्या जुन्या दोन डॉलरच्या नोटेवर मेरिनो मेंढीशेजारी चेहरा जॉनचा! तिची बाजू सांगणारी जागा म्हणजे हे घर. खोली रिकामी केलीत तर सगळ्यात आधी तीच बाहेर जाईल.

चुनाविटा

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, म्हणून थोडं सविस्तर.

पैलतीर, रिकामी खोली म्हणजे खरी खोली, हे गृहीतक मला मान्य नाही. तुम्हाला १७९३ चं घर हवंय, पण आज समोर आहे ते अनेकदा बदललेलं घर. १९०४ मध्ये स्वान कुटुंबाने ते विकत घेतलं आणि १९६८ पर्यंत ते लोक तिथे राहिले, सांभाळत राहिले. म्हणून ते आज उभं आहे. त्यांचा थर खोटा आणि पहिलाच तेवढा खरा, असं कसं म्हणायचं? १९७९ मध्ये बरा (Burra) या गावी ठरलेल्या सनदेत इथल्या जतनकर्त्यांनी हेच तत्त्व मांडलं: गरजेपुरतं सगळं करा, पण शक्य तितकं कमी करा, आणि वास्तूच्या सगळ्या काळांचा मान राखा.

शिवाय ‘पहिलं’ ठरवणं सोपं नसतं. जवळच्याच एक्सपेरिमेंट फार्मचं बघा. कैदी म्हणून आलेल्या जेम्स रूसला १७९२ मध्ये मिळालेली ३० एकरांची जमीन ती. तिथली कॉटेज बराच काळ खूप जुनी समजली जायची. आता ती साधारण १८३५ ची मानतात, म्हणजे रूसने सर्जन हॅरिसला जमीन विकल्यानंतर चार दशकांनी बांधलेली.

आणि जमिनीखालचं म्हणाल तर, उत्खनन एकदाच करता येतं. उकरलेला थर परत रचता येत नाही. पॅरामाटात जॉर्ज स्ट्रीटवर जुन्या इस्पितळाचे पाये उघडे ठेवलेत, ते मुलांना जरूर दाखवा. पण तिथे नवं बांधकाम येणार होतं, म्हणून खणणं भाग होतं. एलिझाबेथ फार्मखालची माती सुरक्षित आहे, ती तशीच राहू द्यावी.

शिवार

पैलतीरशी सहमत. थर जपा, कमी हात लावा, हे सगळं बरोबर. पण ज्यांची जमीन गेली त्यांचा थर या घरात कुठला? विटेत नाही, लाकडात नाही. वास्तू हाच पुरावा धरला तर ते लोक कायम पुराव्याबाहेरच राहणार.

पैलतीर

चुनाविटा, मी कुदळ मारा म्हटलेलं नाही. गिलाव्याचा टवकाही काढू नका. सामान हलवता येतं, उद्या परत ठेवता येतं. ते तुमच्या सनदेतही बसतं.

वर्षाताई, एलिझाबेथचं मोठेपण मलाही मान्य आहे. पण ज्या मेंढ्यांचं तिने राज्य केलं त्यांची सुरुवात कलकत्त्याहून आणलेल्या बंगाली मेंढ्यांपासून झाली, मेरिनो नंतर आल्या. आणि मेंढ्यांना कुरण लागतं. ते कुणाचं होतं, हे सांगितल्याशिवाय तिची गोष्ट पुरी होत नाही.

शिवार, एक दुवा या घरातच आहे. पेमल्वुयचा मुलगा टेडबरी इथे येत-जात असे. १८०८ मध्ये मॅकार्थर कैदेत असल्याचं कळल्यावर तो भाले घेऊन मॅकार्थर कुटुंबाकडे आला, गव्हर्नरला मारायची तयारी दाखवायला. दोनच वर्षांनी, १८१० मध्ये, पॅरामाटात एका गोऱ्याने त्याच्यावर गोळी झाडली. ज्याचा बाप या वसाहतीशी लढला, त्याचा या घराशी असा घरोबा! रिकाम्या खोलीत मला ही गोष्ट ऐकवायची आहे.

वर्षा_वेस्टमीड

टेडबरीचं सांगितलंत ते फार चांगलं केलंत, पण त्याने माझंच म्हणणं पक्कं होतं. तो या घरात पाहुणा होता, मग त्याची गोष्ट सामान हलवलेल्या खोलीत कशाला? टेबलावर एलिझाबेथच्या पत्रांशेजारीच ठेवा. माझी लेक ती उचलेल.

शिवार

ठेवा, पण ती लिहायला बसवा दारुग लोकांना, बुरामाट्टागल ज्यांच्यातले त्यांना. संग्रहालयाला किंवा आपल्याला नव्हे.