शेती नेमकी सुचली कुणाला?

प्रश्न (लेकीचा_बाबा): लेकीचा इतिहास घेताना अडलो. माणूस गहू पेरू लागला, एवढंच सांगून तिचं समाधान होईना. बी पडलं की उगवतं, हे त्याआधी हजारो वर्षं कुणाला दिसलंच नव्हतं का?

खपलीवाला: दिसलं असणारच की. उकिरड्यावर भोपळा येतो, त्याला काय अक्कल लागते? खरी भानगड दाणा झडण्याची. आमच्या मुगाच्या शेंगा उन्हात तडकतात, म्हणून आई दंव असतानाच तोडायला लावायची. रानगव्हाचं तेच. पिकली की ओंबी सुटते, दाणे मातीत. विळा मारल्यावर न सुटलेली ओंबीच जास्त घरी येणार, आणि त्यातलंच बी पेरलं की तिचीच पोरं वाढणार. टोपलीत झोडपून घेतलं असतं तर उलटं झालं असतं.

खापराचे_तुकडे: 'पेरलं की', इथंच गोम आहे. १९६०च्या दशकात जॅक हार्लन या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञांनी तुर्कस्तानात गारगोटीच्या विळ्यानं रानगहू कापून पाहिला. तासाला किलोभर साफ दाणे! मग पेरायचा खटाटोप कोण करील? इस्रायलमधल्या गालिली समुद्राकाठी, ओहालो इथल्या वस्तीत २३,००० वर्षांपूर्वी रानटी जव दगडावर वाटत होते. तरी न झडणारा गहू पक्का व्हायला पुढं बारा-तेरा हजार वर्षं गेली.

लेकीचा_बाबा: एवढा वेळ? विळा होता ना?

खपलीवाला: तीळ बघा. बोंडं फुटायच्या आत, हिरवट असतानाच कापतो, पेंढ्या उभ्या करतो, वाळल्या की ताडपत्रीवर उलट्या झाडतो. झडणारं, न झडणारं, सगळंच घरी. म्हणून तिळाची बोंडं आजही फुटतात. त्या लोकांनीही घाईनं हिरवंच कापलं असेल, हा आपला माझा अंदाज.

जात्यावरची: कापणं झालं, वाटणाऱ्या बाईचं काय? सीरियात अबू हुरेरा इथल्या प्राचीन वस्तीत बायकांच्या सांगाड्यांत पायाच्या अंगठ्याची हाडं बिघडलेली सापडली. रोज गुडघ्यांवर बसून तासन् तास वाटायचं, दुसरं काय! आमची आजी खपली उखळात कांडायची. ती म्हणे, हे टरफल सुटेस्तोवर माझाच जीव सुटेल.

लेकीचा_बाबा: खपली म्हणजे त्या जुन्या गव्हांपैकीच?

खपलीवाला: हो, एमर म्हणतात तोच. फाल्गुनात काढणी असते, लेकीला घेऊन या. विळा मी देतो. उखळाचं मात्र जात्यावरच्या ताईंना विचारा.