"पडणाऱ्या दातावर पैसे कशाला?" या पोस्टला उत्तर

फोंड्याची आई
काल आपल्या पालकांच्या गटात एकांनी लिहिलं, "मुलाच्या दुधाच्या दाढेचं रूट कॅनल करायला सांगितलंय. पडणाऱ्या दातावर चार हजार घालायचे? ही लूट आहे. आमच्या वेळी कोण जायचं डेंटिस्टकडे?" खाली सगळ्यांचं "बरोबर, बरोबर". मला राहवलं नाही.

माझा मुलगा साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरूनच झोपायचा. तीन वर्षांचा असताना वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीला लागून, खडूसारखे पांढरे पट्टे दिसले. दूध चिकटलं असेल म्हणून ओल्या फडक्याने पुसले. निघेनात. ती किडीची सुरुवात होती. तेव्हाच दाखवलं असतं तर फ्लोराइडचा लेप लावून ती थांबवता आली असती. पाचव्या वर्षी, ऐन गणेशचवथीत, दाढेत पू होऊन गाल असा सुजला की डोळा मिटला. घरभर नेवऱ्यांचा वास, आणि पोर गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली बसून पेजसुद्धा नको म्हणत होतं.

दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. लवकर काढल्या तर मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताला जागाच उरत नाही.

माझा राग त्या बापावर नाही. बाळंतपणात मला खोबरेल तेलाचं मालीश शिकवलं, लसीचं कार्ड हातात दिलं. दातांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पहिला दात आला की ब्रश सुरू करायचा, वर्षाच्या आत एकदा डेंटिस्टला दाखवायचं, हे लस टोचतानाच सांगायला काय हरकत आहे?

डिचोलीकर
ती पोस्ट माझी. तुमच्या मुलाचं वाचून वाईट वाटलं, पण मी रोजंदारीवर आहे. चार हजार म्हणजे घरातलं अर्ध्या महिन्याचं सामान. दात काढायला त्याच्या निम्मेही लागत नाहीत. शहाणपण शिकवण्याआधी हा हिशोब करा.

फोंड्याची आई
भाऊ, बांबोळीला सरकारी डेंटल कॉलेज आहे. लहान मुलांच्या दातांचा विभागच वेगळा आहे तिथे. खाजगीत जायलाच हवं असं नाही.

डिचोलीकर
आहे ना. डिचोलीहून पणजी, तिथून दुसरी बस. दिवस गेला, रोज बुडाला, पोराची शाळा बुडाली. आणि रूट कॅनल एका खेपेत होईलच असं नाही.

साखळीची आजी
आम्ही आंब्याच्या पानाने दात घासले. बहात्तराव्या वर्षी माझे सव्वीस दात शाबूत आहेत. आता नातवाला जत्रेतलं खाजं दिलं तरी सून डोळे वटारते. खाजं गुळाचं असतं, त्यात आलं असतं. कारखान्यातल्या चॉकलेटांना कोण काही बोलत नाही!

पेडण्याचा मास्तर
आजी, चॉकलेटांना मी बोलतो. प्राथमिक शाळेत आहे. वर्गात बत्तीस मुलं, म्हणजे वर्षाला बत्तीस वाढदिवस, प्रत्येकाला चिकट टॉफी. गेल्या वर्षी सांगितलं, टॉफी नको, केळी आणा नाहीतर पेन्सिल वाटा. दोन पालक भांडायला आले, "आमच्या मुलाचा आनंद मारता" म्हणाले.

मडगावची नोकरदार
मारताच आहात, मास्तर. वर्षातून एकदा मूल ऐटीत सगळ्यांना वाटतं. घरी रोज दोन वेळा ब्रश होत असेल तर एका टॉफीने काय होतं?

पेडण्याचा मास्तर
एक नाही हो, बत्तीस! शिवाय "होत असेल तर". मी वर्गात विचारलं, रात्री किती जण दात घासतात? सहा हात वर आले. ते तुम्ही घरी मोजा, मग मला शिकवा.

मडगावची नोकरदार
आवाज खाली ठेवा. मी साडेसातला घरी पोचते. वर सगळीकडे आईच: आईने ब्रश करायचा, आईने बाटली सोडवायची, आईचं चुकलं. बापांचे हात काय मोडलेत? आमच्याकडे आता रात्रीचा ब्रश नवऱ्याकडे आहे. तो पलंगावर बसतो, मुलीचं डोकं मांडीवर, ओठ बोटाने वर करतो. दोन मिनिटांत होतं. त्याला हे जमायला तीन वर्षं आणि माझी दोन भांडणं लागली.

म्हापशाची दातांची डॉक्टर
असंच करायचं. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचा हात मागच्या दाढांपर्यंत नीट पोचत नाही. तीन वर्षांखाली पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी, फ्लोराइड १००० पीपीएम, म्हणजे पेस्टच्या दहा लाख भागांत हजार भाग. थुंकायला सांगा, वर पाण्याने चूळ भरू देऊ नका, फ्लोराइड वाहून जातं.

आजी, गूळसुद्धा साखरच. पण तुमच्या बाजूने एक सांगते. १९४० च्या दशकात स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथे, बौद्धिक अपंग रुग्णांच्या संस्थेत, रुग्णांना मुद्दाम गोड खायला घालून प्रयोग केला. माणसांवर असं करणं वाईटच. पण दिसलं ते असं: जेवणासोबत घेतलेल्या साखरेने कीड थोडीच वाढली, दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी दिलेल्यांची खूप वाढली. खाजं जेवणाच्या ताटात वाढा. बोडगेश्वराच्या जत्रेतून आणलेली पुडी आठवडाभर येता-जाता चघळू देऊ नका.

साखळीची आजी
ताटात वाढीन. पण सुनेने मला हे असं समजावून सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं का? नुसतं "नको" म्हणते. तीन दिवस आम्ही बोललो नाही, एका खाज्यावरून.

डिचोलीकर
तुमचं खाजं आणि वाढदिवस चालू द्या. माझा प्रश्न तिथेच आहे. मुलगा साडेसहा वर्षांचा. काढू की ठेवू?

म्हापशाची दातांची डॉक्टर
न तपासता सांगणार नाही. काढावी लागलीच तर जागा राखायला तार बसवतात, ते नक्की विचारा. पण आधी एक बघा. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे आणखी एक दाढ येते, मधल्या दातापासून मोजली तर सहावी. काही पडत नाही, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची असते. गेली की दुसरी येत नाही.

फोंड्याची आई
भाऊ, ती आमच्या लक्षातच आली नव्हती. पुतणीची आठव्या वर्षी काढावी लागली. वहिनी म्हणत होती, "दुधाची आहे, येईल दुसरी."

डिचोलीकर
मोबाइलचा टॉर्च लावून आत्ता बघितलं. पोरगं अर्धं झोपेत होतं. खाली दोन्ही बाजूंना पुढून दात मोजत गेलो, सहाव्या जागी ती दाढ आहे. त्यातल्या डावीकडच्या दाढेत मधोमध काळी रेघ आहे, काडीने पुसून जात नाही. दुखत नाही म्हणतो.

तुमचं सगळं पटलं असं नाही. सोमवारी रोज बुडवून बांबोळीला जातो. पहिली बस किती वाजता, कुणाला ठाऊक आहे?

पेडण्याचा मास्तर
बसने नको. सोमवारी मला पणजीला काम आहे, वाट वाकडी करून येईन. साडेसातला डिचोलीच्या बसस्टँडवर थांबा. मुलाला घरून ब्रश करून आणा.